अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये मुलांचं नाव घालायचंय (न्यू जर्सी) – कागदपत्रं, लसी, इयत्ता

अबोली७ | १२ मे २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे वाचायला बरीच वर्षं येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नवरा मार्चपासून न्यू जर्सीत आहे, मिडलसेक्स काउंटीत, एल-१ वर (कंपनीने बदली करून पाठवलेल्यांचा व्हिसा). मी आणि मुलं पुण्याहून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोचू. मोठा मुलगा ऑगस्ट २०११ चा, सीबीएसई, आठवी झाली, एप्रिलपासून नववीचे वर्ग चालू आहेत. धाकटी १४ नोव्हेंबर २०१९ ची. सीनियर केजी झालं, पहिलीत प्रवेश घेऊन फीचा पहिला हप्ताही भरून झालाय (तो परत मिळणार नाही, हे शाळेने फार गोड शब्दांत सांगितलं).

नवरा म्हणतो, "इकडे सगळं सोपं असतं गं, जायचं आणि नाव सांगायचं." हे वाक्य त्याने पासपोर्टच्या वेळीही म्हटलं होतं, म्हणून विचारतेय. इथून निघताना कोणते कागद घेऊन यायचे? शाळा आपण निवडायची की ते देतात? डोनेशन, मुलाखत वगैरे काही? आणि मुलगी पहिलीतच बसेल ना?

ओकट्री_काका | १२ मे, रात्री ११:२५

स्वागत. नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. डोनेशन नाही, मुलाखत नाही, फी नाही. ती फी घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधून आधीच वसूल होते, आणि तुम्ही भाड्याने राहिलात तरी घरमालक ती तुमच्या भाड्यातच धरतो.

राहिलेलं अर्धं म्हणजे पत्ता. इथे शाळा निवडायची नसते, घर निवडायचं असतं. ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) हद्दीत राहता तिथे मुलांचा हक्क, आणि त्या डिस्ट्रिक्टमध्येही कोणती एलिमेंटरी (प्राथमिक शाळा) ते तुमच्या रस्त्यावरून ठरतं. पोस्टाच्या पत्त्यावर जाऊ नका. पाकिटावर 'प्रिन्स्टन' लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविक डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात. लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून घर नंबर आणि रस्ता सांगा, कोणती शाळा येते ते विचारा. भाड्याने देणारा एजंट सांगेल ते प्रमाण मानू नका.

कागद म्हणाल तर मुलांचे पासपोर्ट, महापालिकेचे जन्मदाखले, तुमचा फोटो आयडी, लीज, आणि त्याच पत्त्यावरचं विजेचं बिल, बँकेचं पत्र असं काहीतरी. लीजवर तुमचंही नाव घालून घ्या. नुसतं नवऱ्याचं असेल तर नाव घालायच्या दिवशी त्याला रजा टाकावी लागते.

अबोली७ | १३ मे, सकाळी ८:०५

काका, खूप धन्यवाद. लीजचीच अडचण आहे. तो सध्या एका मित्राच्या घरी बेसमेंटमध्ये राहतोय. आम्ही आल्यावर घर बघायचं ठरलंय. मित्राच्या पत्त्यावर नाव घालता येईल का?

ओकट्री_काका | १३ मे, संध्याकाळी ६:५०

तुम्ही खरोखर तिथे राहणार असाल तर येईल. बहुतेक डिस्ट्रिक्टकडे त्याचा वेगळा फॉर्म असतो. मित्र लिहून देतो की हे कुटुंब माझ्या घरात राहतं, तुम्ही तसंच लिहून देता, दोघांच्या सह्या नोटरीसमोर. सोबत मित्राच्या घराचे कागद.

पण ऑगस्टमध्ये दुसऱ्या गावात घर घेतलंत तर सगळं नव्याने. माझं ऐकाल तर नवऱ्याला आत्ताच कामाला लावा, जूनमध्ये लीज होऊ दे. आणि नुसत्या शाळेसाठी मित्राचा पत्ता द्यायचा, राहायचं भलतीकडे, असला उद्योग नको. काही डिस्ट्रिक्ट चौकशीला माणूस पाठवतात. सकाळी सातला दारात उभा राहून मूल कुठल्या घरातून निघतं ते बघतात. खोटं ठरलं तर गेलेल्या दिवसांची फी लावतात.

लसूण_चटणी | १३ मे, रात्री ९:३०

मी लहान मुलांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कला आहे (सेंट्रल जर्सी). दर ऑगस्टमध्ये आपल्याकडून आलेले आईबाप रडकुंडीला आलेले बघते, आणि त्याचं कारण पासपोर्ट किंवा लीज हे कधीच नसतं. लसींचं कार्ड असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१. कार्डावर पहिल्या दोन-चार लसींपुढे मुलाचं नाव नसतं. 'बी/ओ अमुक' म्हणजे अमुकचं बाळ असं असतं, कारण बारसंच झालेलं नसतं. इथल्या नर्सला ते मूल तुमचंच हे कळायला मार्ग नाही. जन्मदाखलाही बघून घ्या. नाव न घालता काढलेला दाखला कितीतरी घरांत तसाच फाईलला पडलेला असतो. असेल तर निघण्याआधी नाव चढवून घ्या.

२. तारखा! आपण दिवस/महिना लिहितो, इथे महिना/दिवस वाचतात. ०५/१२/२०२० ही तुमच्यासाठी पाच डिसेंबर, इथे बारा मे. तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांना लेटरहेडवर सगळ्या लसींची यादी टाइप करून मागा, मुलाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख वर, महिना अक्षरी, खाली सही-शिक्का. हा एक कागद सोन्याचा आहे.

३. गोवर-गालगुंड-रुबेला. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या वेळापत्रकाने खासगी डॉक्टरकडे घेतलं असेल तर पंधराव्या महिन्याचा आणि चार ते सहा वर्षांतला असे दोन उरतात, म्हणजे काम झालं. सरकारी दवाखान्यात मात्र एमआर मिळते, त्यात गालगुंड नाही. मग इथे एमएमआर घ्यावी लागते.

४. पोलिओ. पल्स पोलिओला बोटाला शाई लावून घेतलेले सगळे रविवार इथे शून्य. भारतात एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या लसीतला एक प्रकार काढून टाकला, त्यामुळे त्यानंतरचे ओरल डोस इथे मोजत नाहीत. इंजेक्शनवाली आयपीव्ही किती झाली ते बघा. शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो. डीटीपीचंही (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) तेच, एक डोस चारनंतरचा हवा.

५. कांजिण्या. सरकारी कार्यक्रमात ती लसच नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांची राहिलेली असते. न्यू जर्सीत एक डोस मागतात, बऱ्याच राज्यांत दोन. तिथेच घेऊन या.

६. मोठ्यासाठी टीडॅप (डीटीपीचाच मोठ्या मुलांचा डोस) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची लस). सहावीपासून पुढे दोन्ही लागतात. दुसरी भारतात नेहमीची नाही, पण मोठ्या दवाखान्यात मिळते.

७. टीबी. काही डिस्ट्रिक्ट भारतातून आलेल्या मुलांची तपासणी मागतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची टेस्ट विनाकारण फुगू शकते आणि पुढे छातीचा एक्स-रे वगैरे मागे लागतं. रक्ताची टेस्ट होते का, असं सरळ विचारा.

आणि घाबरू नका. बाहेरच्या देशातून आलेल्या मुलांना लसींचे कागद पुरे करायला न्यू जर्सीत तीस दिवसांची सवलत देता येते. इन्शुरन्स सुरू व्हायचा असेल तर स्थानिक हेल्थ डिपार्टमेंटमध्येही लसी मिळतात. फिजिकल म्हणजे डॉक्टरी तपासणीचा फॉर्म मात्र इथल्याच डॉक्टरकडून भरून घ्यावा लागेल. त्याची अपॉइंटमेंट ऑगस्टमध्ये मिळणं मुश्कील असतं, आत्ताच जुलैची घेऊन ठेवा.

चिंतातुर_बाबा | १३ मे, रात्री ९:५८

लसूणताई, दंडवत. हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

तात्या_ऑस्टिन | १३ मे, रात्री १०:१५

टेक्सासमध्ये हेपटायटिस ए चे दोन डोसही लागतात, इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि इथे शाळा ऑगस्टच्या मध्यातच सुरू होते. न्यू जर्सीसारखी लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वाट बघत बसलात तर पोराचे तीन आठवडे बुडतात.

अवांतर: 'बी/ओ' वरून आठवलं. माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता, त्यामुळे व्हिसावर पहिलं नाव 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) आलं. शाळेतल्या बाई मला वर्षभर 'मिस्टर फनू' म्हणत होत्या.

कृष्णाकाठ | १४ मे, सकाळी ७:३०

मुलीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी वाईटपणा घेते. अबोली, ती पहिलीत बसणार नाही. किंडरगार्टनला जाईल.

आपल्याकडे महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिली. न्यू जर्सीत बहुतेक डिस्ट्रिक्ट १ ऑक्टोबर धरतात. एक ऑक्टोबरला तुमची लेक पाच वर्षं साडेदहा महिन्यांची असेल. मुलगा मात्र चौदा पूर्ण, त्यामुळे तो सरळ नववीत, फ्रेशमन.

अबोली७ | १४ मे, सकाळी ९:१२

काय सांगता? अहो, तिला जोडाक्षरं वाचता येतात, हातच्याची बेरीज येते. आता परत ए फॉर ॲपल? एक वर्ष फुकट जाणार तिचं. केजीचे दोन दोन वर्षांचे पैसे भरलेत आम्ही. परीक्षा घ्या म्हणावं. ते घेत नाहीत का?

चिंतातुर_बाबा | १४ मे, सकाळी ९:४०

आम्ही भांडलो होतो. मुलगा २६ ऑक्टोबरचा. सुपरिंटेंडंटला पत्र, पुण्याच्या शाळेचं प्रगतिपुस्तक, आयक्यू टेस्टचा रिपोर्ट, सगळं दिलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. इयत्ता वयावर ठरते, धन्यवाद. काही डिस्ट्रिक्ट चाचणी घेऊन वर बसवतात, ते पूर्णपणे त्यांच्या हातात. विचारायला हरकत नाही. पण आयक्यू टेस्टवर पैसे घालू नका, माझे गेले.

हडसनपार | १४ मे, सकाळी १०:०२

गंमत बघा. हीच मुलगी नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात राहायला गेली तर पहिलीत बसेल, कारण तिथे कॅलेंडर वर्ष धरतात, २०१९ चे सगळे एकत्र. आमची डिसेंबरची आहे, वर्गात सगळ्यात लहान. आता सातवीत गेलीय आणि अजून तिचं दप्तर मीच भरते. तेव्हा मला फार आनंद झाला होता, एक वर्ष वाचलं म्हणून. कुठे वाचलं ते अजून सापडलेलं नाही.

तात्या_ऑस्टिन | १४ मे, दुपारी १२:३०

इकडे टेक्सासमध्ये १ सप्टेंबर. कॅलिफोर्नियातही तीच तारीख, पण तिथे आता चार वर्षांच्या मुलांना ट्रान्झिशनल किंडरगार्टन फुकट आहे. इकडे उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांना गोरे लोक मुद्दाम एक वर्ष घरी ठेवतात, फुटबॉलच्या टीममध्ये थोराड दिसावा म्हणून. आणि आपण पोटातल्या पोराला पुढच्या वर्गात ढकलायला निघालेलो.

कृष्णाकाठ | १४ मे, रात्री ८:४५

मी किंडरगार्टनच्या वर्गात असिस्टंट आहे, सहावं वर्ष. अबोली, राग समजू शकते. पण ए फॉर ॲपल हा एक भाग झाला. सप्टेंबरमध्ये वर्गात काय चालतं सांगू? जॅकेटची चेन स्वतः लावणं. दुधाचा खोका उघडणं. बाथरूमला जायचंय हे मोठ्याने, अनोळखी बाईला, इंग्रजीत सांगणं. गोल करून बसलेलं असताना आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं. भारतातून आलेली, पाढे म्हणणारी मुलं यातल्या दोन-तीन गोष्टींवर हमखास अडतात, आणि त्यांच्या वह्या फार सुंदर असतात.

वाचनाचे गट वेगळे असतात. ज्याला वाचता येतं त्याला वरची पुस्तकं मिळतात. लेक कंटाळली तर डिसेंबरमध्ये बाईंशी बोला.

एक मात्र विचारून घ्या, किंडरगार्टन पूर्ण दिवस आहे की अर्धा. काही गावांत अजून अडीच-तीन तासांचंच असतं. नोकरी करायची असेल तर ते गणित इयत्तेपेक्षा मोठं आहे. आफ्टरकेअरची (शाळेनंतर मुलं सांभाळायची सोय) वेटिंग लिस्ट मे-जूनमध्येच भरते.

अबोली७ | १४ मे, रात्री ११:१०

एल-२ वर (एल-१ वाल्याच्या बायकोचा व्हिसा) मला नोकरी करता येते, त्यामुळे हा मुद्दा लागू. विचारते.

अजून पटलेलं नाहीये. पण दूध उघडण्याचं वाचून हसले. तिला घरी बाटलीचं झाकणसुद्धा आजोबा उघडून देतात.

मीच_ती | १६ मे, दुपारी ४:२०

फॉर्मवर 'घरात कोणती भाषा बोलता' असा प्रश्न येईल. डोळे मिटून 'इंग्लिश' लिहा. 'मराठी' लिहिलंत की मुलांची इंग्रजीची परीक्षा घेतात आणि ईएसएलमध्ये (इंग्रजी कच्चं असलेल्यांची वेगळी शिकवणी) टाकतात. आमच्या मुलाला बंगलोरच्या इंग्लिश मीडियममधून येऊनसुद्धा टाकलं होतं. बाहेर काढायला दीड वर्ष लागलं.

ओकट्री_काका | १६ मे, संध्याकाळी ७:१५

याला माझा ठाम विरोध. खोटं कशाला लिहायचं? ही परीक्षा कोणी आपल्याला हिणवायला काढलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना न कळणाऱ्या भाषेतल्या वर्गात नुसतं बसवून ठेवलं होतं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९७४ चा लाऊ विरुद्ध निकोल्स निकाल. तेव्हापासून भाषेची मदत देणं शाळांवर बंधनकारक झालं.

मीच_ती | १६ मे, संध्याकाळी ७:४०

काका, निकाल पाठ असणं वेगळं आणि तुमचा मुलगा सायन्सच्या तासाला उठवून 'धिस इज अ पेन्सिल' करायला नेला जाणं वेगळं. हलके घ्या, पण अनुभव माझा आहे.

गोदाकाठची | १६ मे, रात्री ८:३०

दोन्ही बाजू बघितल्यात, दोन मुलांबरोबर. मोठीसाठी 'इंग्लिश' लिहिलं. पोरगी घरी फाडफाड बोलणारी, शाळेत चार महिने तोंडातून शब्द नाही. बाईंना वाटलं लाजते. उच्चारच कळत नव्हते तिला, आणि सांगायचं कुणाला? धाकट्यासाठी 'मराठी' लिहिलं. न्यू जर्सीत विडा (WIDA) नावाची इंग्रजीची चाचणी असते, ती त्याने पहिल्या दिवशीच पार केली, ईएसएलचा प्रश्नच आला नाही. चाचणीत नाव आलं तरी पालक लेखी देऊन ती शिकवणी नाकारू शकतात. मग फक्त दरवर्षीची चाचणी द्यावी लागते, जोवर पास होत नाही तोवर. मीच_ती, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, तो दोष त्या शाळेचा.

मीच_ती | १६ मे, रात्री ९:०५

नाही सांगितलं. मला वाटलं सक्ती असते.

परतीचा_पाऊस | १९ मे, सकाळी ६:५०

जरा वेगळा प्रश्न. माझी भाची नागपूरला असते, जन्म अमेरिकेतला, सिटिझन आहे. यंदा दहावी झाली. बहीण म्हणते तिला तुझ्याकडे ठेव, अकरावी-बारावी तिथे करेल, पुढे कॉलेजला सोपं. मी न्यू जर्सीतच. नाव घालता येईल का?

ओकट्री_काका | १९ मे, संध्याकाळी ६:३०

सिटिझन असली तरी डिस्ट्रिक्ट तिचे आईवडील कुठे राहतात ते बघतं. नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलासाठी प्रतिज्ञापत्राची सोय आहे. पण त्यात तुम्ही तिला फुकट, स्वतःच्या मुलीसारखं सांभाळताय हे दाखवावं लागतं, आणि आईवडील घरगुती किंवा आर्थिक अडचणीमुळे सांभाळू शकत नाहीत हेही. 'इथली शाळा चांगली' ही अडचण होत नाही, उलट नुसत्या शाळेसाठी ठेवलं असेल तर नाकारतात. बहिणीचं घर नागपुरात सुखात चाललंय, तर खोटं लिहून देऊ नका. कायदेशीर पालकत्वाचा कोर्टाचा मार्ग आहे, पण तो वकिलाला विचारा, मला नको.

भाची सिटिझन नसती तर एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसा) विचार करावा लागला असता. त्यावर पब्लिक एलिमेंटरीत जाता येत नाही, आणि पब्लिक हायस्कूल जास्तीत जास्त बारा महिने, तेही डिस्ट्रिक्टचा पूर्ण खर्च भरून.

नवखा_२५ | १९ मे, रात्री ९:२०

आमच्याकडे डिस्ट्रिक्टच्या बाईंनी व्हिसा आणि सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) दोन्ही मागितले. बायको-मुलीचे एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत, एसएसएन नाहीत. परत पाठवलं. काय करू?

हडसनपार | १९ मे, रात्री ९:४५

एसएसएन नाही म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही. व्हिसाचंही तेच. १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो, टेक्सासमधल्या टायलर गावच्या डिस्ट्रिक्टने कागद नसलेल्या मुलांकडून फी मागितली म्हणून उभी राहिलेली केस. आपली मुलं तर रीतसर व्हिसावर. न्यू जर्सीच्या नियमांत स्पष्ट आहे की राहण्याचा पुरावा म्हणून इमिग्रेशनचे कागद, एसएसएन, टॅक्स रिटर्न मागता येत नाहीत, आणि एकाच विशिष्ट कागदावर अडून बसायचं नाही, जे जे दिलंय ते सगळं मिळून बघायचं.

तावातावाने जाऊ नका. "कृपया हे लेखी द्या" एवढंच म्हणा, शांतपणे. लेखी द्यायची वेळ आली की खिडकीपलीकडच्या बाई आत जाऊन कुणाला तरी विचारून येतात. खरंच लेखी नकार आला तर २१ दिवसांत राज्याच्या एज्युकेशन कमिशनरकडे अपील करता येतं, आणि अपील चालू असताना मूल शाळेत बसतं. हरलात तर मात्र तेवढ्या दिवसांची फी लागू शकते.

नवखा_२५ | २१ मे, दुपारी १:१०

"लेखी द्या" म्हटलं. बाई आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, ते दोन रकाने रिकामे सोडा.

चिंतातुर_बाबा | २१ मे, दुपारी १:१५

हाहा. हडसनपार, फी आकारायला सुरुवात करा.

निनावी_आई | २४ मे, रात्री ११:५०

वेगळा आयडी काढून लिहितेय. मुलगा चार वर्षांचा, बोलत नाही. मुंबईत ऑटिझम सांगितलंय, दीड वर्ष थेरपी चालू आहे. आम्ही सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीत येतोय. सासरचे म्हणतात शाळेला काही सांगू नका, शिक्का बसेल. नवराही तेच म्हणतो. प्लीज सांगा.

कृष्णाकाठ | २५ मे, सकाळी ६:१५

सांगा. पहिल्या दिवशी सांगा. आणि लेखी सांगा.

इथे तीन वर्षं पूर्ण झाली की अशा मुलांची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर येते, किंडरगार्टनपर्यंत थांबायचं नसतं. १९७५ पासून देशाचा कायदा आहे, आताचं नाव आयडिया (IDEA). डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमच्या नावाने पत्र लिहा की मुलाचं मूल्यमापन करा. न्यू जर्सीत लेखी मागणी पोचल्यापासून वीस दिवसांच्या आत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. ही तारीख मोजता यावी म्हणूनच पत्र लेखी, ईमेल चालते. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. मूल्यमापन फुकट. पात्र ठरला तर आयईपी (त्या मुलापुरती आखलेली लेखी योजना) बनतो, त्यात स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी, छोटा वर्ग, गरजेप्रमाणे मदतनीस, बस. सगळं फुकट. आयईपीवर तुमची सही झाल्याशिवाय तो पहिल्यांदा लागू होत नाही.

मुंबईचे सगळे रिपोर्ट इंग्रजीत असतील तर तसेच आणा, थेरपिस्टकडून एक सारांशपत्र घ्या, आत्ता काय जमतं, काय नाही. ते इथे नव्याने तपासतीलच, पण सुरुवात शून्यातून होत नाही.

शिक्क्याचं म्हणाल तर आमच्या वर्गात पाच मुलांना आयईपी आहे. बाकीच्या मुलांना ते कोण हे माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत असतं की अमुक जण मंगळवारी मिस केटबरोबर खेळायला जातो आणि आपल्याला नेत नाहीत, म्हणून ती रुसतात.

निनावी_आई | २५ मे, सकाळी ७:०२

तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो काही बोलला नाही. चहा करून आणला.

गोदाकाठची | २६ मे, सकाळी १०:३०

अबोली, मोठ्याचं राहिलंच. हायस्कूलमध्ये खरा खेळ गाइडन्स काउन्सिलरकडे (विषय ठरवायला मदत करणारे शाळेतले सल्लागार) असतो. सीबीएसईची सहावी ते आठवीची प्रगतिपुस्तकं शाळेच्या शिक्क्यानिशी आणा, शक्य तर बंद पाकिटात एक संच वेगळा. नववीचे एप्रिल ते जूनचे गुण असतील तर तेही. शाळा सोडल्याचा दाखला आणा, पण तो अडकला म्हणून इथे कुणी अडवत नाही. जुन्या शाळेशी त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा प्रगतिपुस्तकांचा पाठपुरावा करा. अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि 'अटेस्टेशन' मोठ्या थाटात करून देणारे एजंट फिरतात, शाळेच्या प्रवेशाला ते माझ्या पाहण्यात कुणाला लागलेलं नाही.

गणित नीट बघा. नववीत आल्जिब्रा १ देतात की जिओमेट्री, यावर पुढची चार वर्षं ठरतात. आपल्या मुलांना सरसकट खालच्या वर्गात टाकायची सवय असते. प्लेसमेंट टेस्ट मागून घ्या, आणि सुट्टीत त्याला इथली शब्दावली दाखवा. बेरीज येते, पण 'स्लोप' म्हणजे काय ते माहीत नसतं, तिथे मार जातो. हायस्कूल डिप्लोमाला (बारावी पास झाल्याचा दाखला) १२० क्रेडिट लागतात आणि पीटीचा तास दरवर्षी सक्तीचा असतो. पीटी बुडवून ट्यूशनला बसणं इथे चालत नाही.

बस: आठवीपर्यंत शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तर फुकट, हायस्कूलला अडीच मैल. त्याच्या आत असाल तर पायी, गाडीने, नाहीतर काही गावांत पैसे भरून.

अबोली७ | ९ सप्टेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. वृत्तान्त द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण देणं लागते.

नवऱ्याने १५ जूनपासूनची लीज केली, दोघांची नावं. काकांचं ऐकून त्याने सही करण्याआधी फोन केला, तर ज्या घरावर त्याचा जीव जडला होता ते रस्त्याच्या भलत्या बाजूला, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये निघालं. समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये घेतलं. स्वयंपाकघर लहान आहे. चालतंय.

रजिस्ट्रेशनची अपॉइंटमेंट २२ जुलैला होती. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा होता, तो भरताना रात्रीचे दोन वाजले, कारण 'मिडल नेम'मध्ये वडिलांचं नाव घालायचं की नाही यावर आमचं भांडण झालं. घातलं नाही. पासपोर्टवर आहे, मग परत घातलं.

डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात नर्सने आधी रंगीत कार्ड घेतलं. बोट फिरवत फिरवत थांबली. कांजिण्यांची लस, ०५/१२/२०२०. म्हणाली, ही वाढदिवसाआधी दिलीय, धरता येणार नाही. लसूणताई, त्या क्षणी तुमची आठवण काढून मी फाईलमधून डॉक्टरांचं टाइप केलेलं पत्र काढलं. तिने '५ डिसेंबर' वाचलं, हसली, पेनाने कार्डावर छोटी खूण केली. एक पोलिओ तेवढी इथे घ्यावी लागली. मुलाला मेनिंगोकोकल पुण्यातच दिली होती.

भाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं. मुलगा चाचणीत पार. मुलीला आठवड्यातून काही तास ईएसएल आहे. मीच_ती, मी नाकारणार होते. पण ती पहिल्या दिवशी येऊन म्हणाली की ती दुसरी टीचर सावकाश बोलते. राहू दिलंय.

मुलाला आल्जिब्रा १ देत होते. प्लेसमेंट मागितली, जिओमेट्री मिळाली. तो बसमध्ये अजून एकटा बसतो. त्यावर काही सुचवायचं असेल तर सुचवा, पण क्लब जॉइन कर म्हणून मी सांगून झालंय.

आणि हो, किंडरगार्टन. पूर्ण दिवसाचं आहे. अजूनही मला वाटतं ती पहिलीत बसली असती. शुक्रवारी घरी आली तेव्हा दप्तरात दुधाचा खोका होता, न उघडलेला. काल पुन्हा एक. आज नव्हता.

कृष्णाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री १०:४८

मुलासाठी: पहिल्या महिन्यात बहुतेक जण एकटेच बसतात, ऑक्टोबरात परत विचारा. मुलीच्या डब्यात काय देता?

अबोली७ | ९ सप्टेंबर, रात्री १०:५५

पोळीचा रोल. अर्धा परत येतो. जेवायला वीसच मिनिटं असतात म्हणे, त्यातली किती खोका उघडण्यात जातात कोण जाणे.

चिंतातुर_बाबा | ९ सप्टेंबर, रात्री ११:०१

डब्यांसाठी वेगळा धागा काढा. मी वाटच बघतोय.